पर्सिस्टन्स: ऑसिलोस्कोप जुनं किती वेळ लक्षात ठेवतो?

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये माझा एक अख्खा दिवस वाया गेला होता. ग्राउंडिंग सुधारलं, केबल बदलली, तरी स्कोपवरची ट्रेस जाडच्या जाड. संध्याकाळी लक्षात आलं की पर्सिस्टन्स 'इन्फिनिट'वर होता. म्हणजे नॉइज कधीच कमी झाला होता, मी बघत होतो ती सकाळची ट्रेस! डिस्प्ले मेन्यूतलं हे सेटिंग आलं कुठून, ते आज बघू.

1897 मध्ये स्ट्रासबुर्गला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरण नळी बनवली. इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर आदळला की तिथे प्रकाश दिसतो आणि झोत पुढे गेल्यावरही तो क्षणभर रेंगाळतो. हाच मूळ पर्सिस्टन्स. तो पदार्थाचा गुणधर्म होता, त्यासाठी कुठलंही बटण नव्हतं. किती वेळ हवा, हे नळी निवडतानाच ठरायचं. रडारसाठी वापरला जाणारा पी7 फॉस्फर निळा चमकायचा आणि मग बराच वेळ पिवळसर उजेड देत राहायचा. स्कोपमध्ये पुढे रुळला तो हिरवा पी31, त्यामानाने लवकर विझणारा.

पण एकदाच घडणारी घटना बघायची असेल तर? त्यासाठी स्टोरेज नळ्या आल्या. 1960च्या दशकात टेक्ट्रॉनिक्सचा 564 हा स्कोप ट्रेस पडद्यावरच धरून ठेवायचा. मात्र त्या पद्धतीत ठिपका एकतर उजळलेला किंवा पुसलेला, मधली छटा नाही. त्याच दशकात ह्युलेट-पॅकार्डने व्हेरिएबल पर्सिस्टन्स आणला. ट्रेस किती वेगाने पुसट व्हावी, हे आता नॉब फिरवून ठरवता येऊ लागलं. पदार्थाचा गुणधर्म माणसाच्या हातात आला, तो इथे.

डिजिटल स्कोप आल्यावर साठवणं सोपं झालं, पण एक गोष्ट हरवली. समजा, पडद्यावर 10 मायक्रोसेकंद दिसतात आणि स्कोप सेकंदाला 50 वेळा सिग्नल टिपतो. म्हणजे एका सेकंदातले फक्त 500 मायक्रोसेकंद आपण पाहिले, 0.05 टक्के! उरलेल्या वेळेत आलेला ग्लिच दिसणारच नाही. शिवाय सगळे ठिपके सारखेच उजळ, त्यामुळे नेहमीचं काय आणि क्वचितचं काय, हेही कळेना. जुन्या फॉस्फरवर हा फरक आपोआप दिसायचा: झोत जिथे जास्त वेळा जाई, तिथे उजेड जास्त.

1990च्या दशकाच्या अखेरीस टेक्ट्रॉनिक्सने 'डिजिटल फॉस्फर' स्कोप आणले. त्यात सिग्नल खूप वेगाने टिपला जातो, प्रत्येक पिक्सेलवर ट्रेस किती वेळा आली ते मोजलं जातं आणि त्यानुसार उजळपणा किंवा रंग ठरतो. शंभर वर्षांपूर्वी जे फुकट मिळत होतं, ते आता मुद्दाम गणित करून परत आणावं लागलं.

आता तुमच्या लॅबमधलं बोलू. रोजच्या मापनाला पर्सिस्टन्स बंद किंवा अगदी कमी ठेवा. जिटर बघायचा असेल तर एक-दोन सेकंद पुरतात. क्वचित येणारा ग्लिच पकडायचा असेल, तर 'इन्फिनिट' लावा आणि खुशाल चहाला जा. परत आल्यावर ग्लिच आला होता की नाही ते कळेल, पण कधी आला ते कळणार नाही. आणि सर्किटला हात लावलात की आधी 'क्लिअर' दाबा, मगच बघा.

अजून एक सवय लावून घ्या. स्क्रीनचा फोटो नोंदवहीत चिकटवताना शेजारी पर्सिस्टन्सचं सेटिंग लिहा. ते नसेल, तर जाड रेघ म्हणजे नॉइज होता की साठलेला भूतकाळ, हे सहा महिन्यांनी थीसिस लिहिताना तुम्हालाही सांगता येणार नाही.