चावऱ्या कुत्र्याची जबाबदारी: एका विमा-कलमाची कुळकथा

अमेरिकेत घरचा कुत्रा शेजारच्या मुलाला किंवा टपाल टाकायला आलेल्या माणसाला चावला, की घरमालकापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: घराचा विमा जिच्याकडे आहे त्या कंपनीला कळवायचं की नाही? कळवलं तर हप्ता वाढेल, कदाचित पुढच्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरणच होणार नाही. लपवलं आणि जखमी माणसाने दावा लावला, तर उशिरा कळवल्याचं कारण दाखवून कंपनी हात वर करू शकते. हा पेच आजच्या विमा बाजारातून निघालेला वाटतो, पण त्याचं मूळ फार जुनं आहे. कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधी माहीत होतं का, या एका प्रश्नावर कायद्याने शतकानुशतकं जबाबदारी ठरवली आणि त्यामुळे माहिती दडवणाऱ्याचं फावलं. विम्याने ही खोड बऱ्याच अंशी मोडली होती. आज विमा कंपन्याच ती पुन्हा लावत आहेत, असं माझं म्हणणं आहे.

बगदादजवळच्या तेल हरमल इथे १९४५ आणि १९४७ साली मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना या मेसोपोटेमियन राज्याचे सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे कायदे आहेत. त्यातलं एक कलम थेट कुत्र्याचं आहे. कुत्रा चावरा असल्याचं अधिकाऱ्यांनी मालकाला बजावलं, तरी त्याने तो आवरला नाही आणि चावल्यामुळे माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी मोजायची. मेलेला गुलाम असेल तर १५. दंड लागतो तो आधी बजावल्यावर. आपल्याकडच्या याज्ञवल्क्यस्मृतीने वेगळी कसोटी लावली: दात किंवा शिंगं असलेल्या आपल्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवणं शक्य असूनही मालकाने सोडवलं नाही तर दंड, आणि त्या माणसाने आरडाओरडा केलेला असेल तर दुप्पट. इथे मालकाला आधी काय ठाऊक होतं यापेक्षा त्याने त्या क्षणी काय केलं, हे महत्त्वाचं. इंग्लंडच्या न्यायालयांनी मात्र पूर्वकल्पनेचाच आग्रह धरला. ती सिद्ध करण्याचं ओझं जखमी माणसावर पडलं आणि कुत्र्याला पहिला चावा माफ, असं लोक म्हणू लागले. या नियमाला १८६५ च्या कायद्याने अपवाद केला, पण गुरं आणि मेंढ्या यांच्यापुरताच. चावा घेतलेल्या मेंढीच्या मालकाला पुराव्याच्या या जाचातून सुटका मिळाली. चावा सोसलेल्या माणसाला मिळाली नाही.

हाच इंग्लिश नियम अमेरिकेत गेला. टेक्सससारख्या राज्यांत तो अजून मूळ धरून आहे. पण कॅलिफोर्नियाने १९३१ साली आणि आज मराठी घरं मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सीने १९३३ साली कायदा करून पूर्वकल्पनेची अट काढून टाकली: कुत्रा चावला, मालक जबाबदार. तरीही भरपाईचा निकाल लागणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. साध्या पगारदाराकडे शस्त्रक्रियेच्या खर्चाएवढी रक्कम कुठून येणार? ही अडचण विम्याने दूर केली. आगीचा विमा आणि दायित्वाचा विमा वेगवेगळ्या कंपन्यांनी विकावा, अशी तिथल्या राज्यांची जुनी रीत होती. ती दुसऱ्या महायुद्धानंतर सैल झाली आणि १९५० साली फिलाडेल्फियाच्या इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकाने आग, चोरी आणि दायित्व एकाच पॉलिसीत आणलं. गृहकर्ज देणाऱ्या बँका घराच्या विम्याचा आग्रह धरतात, त्यामुळे ही पॉलिसी घरोघर पोहोचली. तिच्यात दायित्वासाठी साधारणपणे १ ते ३ लाख डॉलरपर्यंतचं संरक्षण असतं, कोर्टातल्या वकिलाचा खर्च असतो आणि दोष कोणाचा हे न पाहता पाहुण्याच्या उपचारासाठी द्यायची छोटी रक्कमही असते. घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना झालेली इजा मात्र तिच्यात बसत नाही.

मग बिघडलं कुठे? अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या आकड्यांनुसार २००३ साली कुत्र्यांमुळे झालेल्या इजांचे सुमारे १७ हजार दावे होते, २०२३ साली सुमारे १९ हजार. पण सरासरी दाव्याची रक्कम सुमारे १९ हजार डॉलरवरून ५८ हजारांवर गेली. दावे थोडे वाढले, रक्कम तिप्पट झाली. म्हणजे कुत्रे तिप्पट चावरे झालेले नाहीत. उपचार आणि तडजोडी महागल्या. तरी अनेक कंपन्यांनी पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या जातींच्या याद्या केल्या. त्यांचा युक्तिवाद असा की जोखीम मोजणं हेच विम्याचं काम आहे आणि जीवघेण्या हल्ल्यांत याच जाती पुढे आहेत. हा आक्षेप पोकळ नाही. १९७९ ते १९९८ मधल्या मृत्यूंच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मृत्यू या दोन गटांच्या नावावर होते. पण त्याच अभ्यासकांनी बजावलं होतं की एकूण कुत्र्यांत कोणत्या जातीचे किती, हेच माहीत नसल्याने त्यावरून जातीची जोखीम काढता येत नाही. न्यूयॉर्क आणि नेवाडा यांनी २०२१ साली कायदे करून निव्वळ जातीवरून विमा नाकारायला बंदी घातली. त्या-त्या कुत्र्याचा इतिहास पाहण्याची मुभा ठेवली. मला हीच दिशा योग्य वाटते.

यावर कोणी विचारेल: इतिहास मोजायचा म्हटलं तर लोक तो लपवणार नाहीत का? लपवतील, जोवर कळवणाऱ्यालाच शिक्षा होते तोवर. म्हणून वेळेत कळवणाऱ्या, कुंपण घालणाऱ्या, कुत्र्याला प्रशिक्षण देणाऱ्या मालकाचं संरक्षण पहिल्या चाव्यावरून काढून घेता कामा नये, आणि दडवणाऱ्याला सवलत मिळता कामा नये. भारतातल्या वाचकानेही हे ध्यानात घ्यावं. इथे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव जनावराबाबत निष्काळजी राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं, पण जखमी माणसाच्या भरपाईची सोय घराच्या साध्या विम्यात सहसा नसते. ती पाळीव प्राण्यांच्या विम्यात शोधावी लागते. कुत्रा पाळत असाल तर पॉलिसीतलं दायित्वाचं कलम आजच वाचा, आणि तो कोणाला चावलाच तर आधी त्या माणसाच्या उपचाराचं बघा, मग न लपवता कळवा.