लँकेशायर : वऱ्हाडी कापसाचे दुसरे टोक

१/८
यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या प्रारंभी धावू लागली, ती मुख्यतः कापसासाठी. मात्र वऱ्हाडाच्या कापसाला जागतिक बाजारात ओढले ते त्याआधीच, इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायरने. त्या प्रदेशाची ही ओळख.

२/८
लँकेशायरच्या पूर्वेस पेनाइन्स डोंगररांग आहे. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे तिला अडतात आणि वर्षभर पाऊस पडतो. दमट हवेत सूत कमी तुटते. डोंगरातील मृदू पाणी कापड धुण्या-रंगवण्यास उत्तम. जमिनीखाली कोळसा आणि जवळच लिव्हरपूल बंदर!

३/८
या अनुकूलतेतून मँचेस्टरभोवती गिरणगावे वाढली. तेथील जीवन भोंग्याच्या तालावर चाले. वर्षातून एक आठवडा गावातील सर्व गिरण्या बंद राहत आणि कामगार कुटुंबे रेल्वेने ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जात. सहकारी चळवळीला दिशा देणारे रॉचडेलचे ग्राहक भांडारही (१८४४) याच भूमीतले.

४/८
तेथे पिकत नव्हता तो फक्त कापूस. १८६० च्या सुमारास तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. तो गुलामांच्या श्रमांवर पिकलेला होता.

५/८
एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख लोक मदतीवर जगत होते.

६/८
तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील सभेत कामगारांनी गुलामगिरीविरोधी लढ्यास पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना पाठवण्याचे ठरवले. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी कृतज्ञतेने उत्तर दिले. लिव्हरपूलच्या अनेक व्यापाऱ्यांची सहानुभूती मात्र दक्षिणेकडे होती. भूक कामगारांच्या वाट्याला आली होती, हे ध्यानात घेतल्यावर त्या पत्राचे मोल कळते.

७/८
याच टंचाईने लँकेशायरची दृष्टी भारताकडे वळली. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला होता. आजचा यवतमाळ जिल्हा त्याचाच भाग. १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील आखूड धाग्याचा कापूस गिरण्यांना फारसा रुचत नसे, पण पर्याय नव्हता. भाव चढले, कापसाचा पेरा वाढला.

८/८
१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. वऱ्हाड ओलांडून लोहमार्ग नागपुरास पोहोचला तो १८६७ मध्ये, तेजी ओसरल्यावर. तरी कापूस टिकला, आणि भाव दूरच्या बाजारात ठरण्याची रीतही. मँचेस्टरमध्ये आज लिंकन यांचा पुतळा उभा आहे. पेनाइन्स, लिव्हरपूल आणि मँचेस्टर नकाशावर अवश्य शोधा. यवतमाळच्या काळ्या मातीचा इतिहास तेथेही घडला आहे.