बडगुजर : नावातला ‘गुजर’

बडगुजर हे कूळ आज अनेक ठिकाणी राजपुतांत गणले जाते आणि त्याची परंपरा आपला वंश रामपुत्र लवापासून सांगते. तरीही नावातला ‘गुजर’ बाजूला सारता येत नाही, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. अलवर भागातल्या राजोरगढचा विक्रम संवत १०१६चा (इ. स. ९६०च्या सुमाराचा) शिलालेख पाहा. सावटाचा मुलगा मथनदेव त्यात स्वतःला गुर्जर-प्रतिहार अन्वयाचा म्हणवतो. यावर नेहमीचा आक्षेप असा, की गुर्जर हे देशाचे नाव असून त्या देशातले प्रतिहार एवढाच याचा अर्थ. गुर्जर नावाचा देश होता, हे खरेच. पण याच लेखात, दान दिलेल्या गावालगतच्या जमिनी गुर्जर कसतात, असाही उल्लेख आहे. जमीन कसणारी असतात ती माणसे. राजाही गुर्जर आणि शेतकरीही गुर्जर, असे एकाच दगडावर कोरलेले असताना राज्य मिळवलेली घराणी आणि नांगर धरलेली कुटुंबे एकाच लोकसमूहातली असावीत, हेच मला सर्वांत सरळ वाचन वाटते.

मात्र मथनदेव हा बडगुजरांचा मूळपुरुष, असे हा लेख सांगत नाही. ती जोड नंतरच्या परंपरेची आहे. खानदेशातल्या बडगुजर आडनावाबद्दलही हीच सावधगिरी हवी. नुसत्या नावसाम्यावरून तिथल्या घरांचा वंश राजोरला नेऊन भिडवता येणार नाही.