पुस्तकी किंमत रुपया एक

आमच्या बँकेत टेबल, खुर्ची, पंखा आणि कारकून या चारांवर दरवर्षी घसारा बसतो. पहिल्या तिघांवर वहीत बसतो, चौथ्यावर प्रत्यक्ष. घसरत घसरत वस्तूची पुस्तकी किंमत एक रुपयावर आली, की ती तिथं थांबवतात. शून्य करत नाहीत. शून्य केली तर वस्तू वहीतून नाहीशी होते, आणि वस्तू तर डोळ्यांसमोर करकरत उभी असते. हा रुपया म्हणजे ‘ही बाई अजून आहे बरं का’ एवढी नोंद. कॉमर्सची पदवी घेऊन मी आयुष्यात जे काही शिकलो, त्यात हे एक वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. ते कसं, तेच सांगतो.

परवाच्या दिवाळीनंतर अकोल्याहून आमच्या साळेबुवांचा फोन आला.

“जवाईबुवा, जीप घेतली!”

“नवी?”

“नवी कायले? नवी तं कोनीबी घेते. १९७४ ची हाय. सरकारी हापिसाच्या लिलावातली. तिसऱ्या मालकाकडून घेतली.”

मी रविवारी अमरावतीहून अकोल्याला जीप पाहायला गेलो. ती स्वतःच्या चाकांवर आलीच नव्हती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. टपाला कापड नव्हतं, काचेला काच नव्हती, आणि ड्रायव्हरच्या सीटमधून कडुनिंबाचं एक रोप चांगलं वीतभर वर आलं होतं. साळेबुवा तिच्याभोवती नवरदेवासारखे फिरत होते. “पूर्ववत करतो हिले,” ते म्हणाले, “आन् मंग शर्यतीत उतरवतो.” मी मनातल्या मनात वही उघडली आणि लिहिलं : रुपया एक.

पण बँकेतल्या माणसाला कर्जदाराची पूर्वपीठिका पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी जीपचं घराणं काढलं, आणि खरं सांगतो, आमच्या साळेबुवांच्या घराण्यापेक्षा ते जास्त रंजक निघालं.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्करानं १३५ कारखानदारांना पत्र धाडलं. आम्हाला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी आहे, नमुना ४९ दिवसांत आणून द्या. आता ४९ दिवस म्हणजे आमच्याकडं साधा चेकबुकाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जायचा काळ! बहुतेकांनी ते पत्र गुंडाळून ठेवलं. पेनसिल्व्हेनियातली बॅण्टम नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी मात्र पुढं झाली. तिच्याकडं आराखडा काढायलाही माणूस नव्हता. तिनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या बाहेरच्या इंजिनिअरला गाठलं. त्यानं दोन दिवसांत नकाशे तयार केले, आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली.

आता एवढं केल्यावर काम कुणाला मिळावं? पण लष्कराचं म्हणणं पडलं, की एवढ्याशा कंपनीला एवढ्या गाड्या बनवणं झेपायचं नाही. मोठी कामं विलिज आणि फोर्ड या दोघांना गेली. त्यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. बॅण्टमच्या वाट्याला जीपच्या मागं जोडायच्या ट्रेलरचं काम आलं. मुलगी पाहायला गेलेल्यानं वरातीत बिछाने उचलावेत, तसला प्रकार. आमच्याही ऑफिसात सूचना करणारा एक असतो आणि बढती घेणारा दुसरा. त्यामुळं बॅण्टमबद्दल मला फार आपलेपणा वाटतो.

आपल्याकडं तिचं आगमनही झोकात झालं. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. आद्याक्षरं तीच राहिली! देशाचे दोन तुकडे झाले, पण या पेढीचे रबरी शिक्के वाया गेले नसावेत, असा हिशेब कॉमर्सवाला करणारच. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांतच या पेढीनं मुंबईत माझगावला विलिजच्या जीपची जुळणी सुरू केली.

आणि जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून वापरायचा नाद आमच्या साळेबुवांनीच काढला असं समजू नका. तो थेट भारत सरकारचा आहे. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी, लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांच्यामार्फत, डागडुजी केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सौदा झाला. दोन हजारांची बात होती. आल्या १५५, आणि त्याही चालण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं, आणि १९५६ मध्ये मेनन मंत्री झाले. मी हा इतिहास साळेबुवांना सांगितला. ते म्हणाले, “पाह्यलं? जीप घेतल्यावर मानूस वरच चढते!”

वऱ्हाडात जीप आली ती साहेबाची होऊन. १९५२ च्या दोन ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत जीप दिसायला लागली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, बीडीओ साहेब आले, आणि साहेब व जीप यांचं लग्नच लागलं. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा वाघाच्या वाट्यालाही जीप आली. खेड्यात धुळीचा लोट दिसला, की पोरं ओरडायची, “जीप आली!” म्हातारे मात्र विचारायचे, “कोन्ती?” कारण जीप तीन प्रकारची असे. मत मागणारी, योजना सांगणारी आणि वसुलीची. पहिलीला माणसं जमत, दुसरीला पांगत आणि तिसरीला तुरीत शिरत.

ही तिसरी जीप मी पाहिलेली आहे. १९८९ चा उन्हाळा होता. मी मामांच्या गावी सुट्टीला गेलो होतो. एका बँकेची जीप मामांच्या दारात थांबली. बँकेचं नाव सांगत नाही. साहेब भला माणूस होता, आवाजही चढवला नाही. म्हणाला, “बैल शेतीचे आहेत, त्यांना कायद्यानं हात लावता येत नाही. पण ही दमणी चैनीची वस्तू आहे.” आणि जीपच्या मागं दोर बांधून त्यांनी मामांची दमणी नेली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं बंडी ओझ्याची, रेंगी घाईची आणि दमणी इभ्रतीची. वरून छत, खाली गादी, घुंगरांची जोडी. त्याच दमणीतून माझी आई लग्न होऊन सासरी आली होती. जीप गेल्यावर मामा ओसरीवर बसले आणि त्यांनी मला पाढे म्हणायला लावले. दमणी लिलावात कितीला गेली तो आकडा त्यांना पाठ आहे, पण त्यांनी तो मला आजवर सांगितलेला नाही. आणि भाचा निघाला बँकवाला! ही नियतीची थट्टा आहे, की जिल्हा निवड मंडळाची, देव जाणे.

मामांना नाद एकच, शंकरपटाचा. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट आमच्याकडं पंढरीच्या वारीसारखा. दोन बैल, एक हलकी गाडी आणि एक धुरकरी. निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. तिथं बायकाही कासरा हाती घेऊन जोड्या हाकतात. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, तेव्हा मामांची जोडी ऐन भरात होती. राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला, तो अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. प्राण्यांचे हाल होऊ नयेत हे कोर्टाचं म्हणणं मामांनाही मान्य होतं. ते म्हणत, “बैलाले मारून जिकला तो धुरकरी कायचा?” पण साडेसात वर्षांत बैल म्हातारे झाले. जीपचा पिस्टन मिळतो, गिअर मिळतो. उतरलेला बैल कुठल्या मिस्त्रीकडं नेणार? पुढं नातवानं नवी जोडी तयार केली. जुन्यांतला एक गोठ्यात आहे, त्याला रोज पहिला पेंढा मिळतो. त्याचीही पुस्तकी किंमत रुपयाच म्हणा ना.

इकडं अकोल्यात जीप हळूहळू माणसात येत होती. कडुनिंब काढला. इंजिन उतरवलं. मिस्त्री दर आठवड्याला फोनवर एकेक दुःखद बातमी देई, आणि साळेबुवा ती आनंदानं आम्हाला सांगत. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. ती घेतली तर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोजच्या कामाला नाही. साळेबुवा म्हणाले, “रोज चालते कोनाची?” शर्यतीचं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू झाली. मूळ मलेशियातली. लोक पैसे भरून चिखलात गाड्या रुतवतात आणि मग त्या काढतात. मी म्हटलं, “अहो, आपल्या काळ्या मातीत हे जुलैत फुकट होतं!”

शेवटी जानेवारीत ठरलं, की जीपची पहिली फेरी तळेगावच्या पटाला. वाटेत मामांचं गाव. मामांनी जीप पाहिली. चारी बाजूंनी फिरले. म्हणाले, “हेच ते.”

“मामा, सगळ्या जीपा सारख्याच दिसतात,” मी म्हटलं.

“मले नाई दिसत.” आणि थोड्या वेळानं, “मी जप्तीच्या गाडीत बसत नाई.”

ते बैलांबरोबर टेम्पोत उभे राहिले. बैल मोटारीत आणि आम्ही त्यांच्या मागं धूळ खात, अशी वरात निघाली.

अर्ध्या वाटेवर पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं. टेम्पो कडेनं निघाला. साळेबुवांनी मुद्दाम मधूनच घातली, कारण चारही चाकं ओढतात हे दाखवायचं होतं. त्यांनी दांडा ओढला आणि दांडा हातात आला. काळी मातीच ती, तिनं गाडी आखापर्यंत आत घेतली.

टेम्पो थांबला. मामा उतरून आले. साळेबुवा म्हणाले, “मामाजी, जोडी लावा ना जरा. दोन मिन्टाचं काम हाय.”

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. “पटाचे बैल हायेत ते. जप्तीची गाडी ओढाले नाई.” मग नातवाला म्हणाले, “तू हो पुढं, नोंदनीची वेळ जाईन.” टेम्पो गेला. मामांनी चपला काढून बांधावर ठेवल्या, धोतर खोचलं आणि जीपच्या मागच्या बाजूला खांदा लावला.

“मामा, तुम्ही कशाला?”

“बैलाले नाई सांगत. मी लावतो. होऊ दे पुढं.”

सत्तरी उलटलेला माणूस एका बाजूला आणि बँकेच्या खुर्चीत वाढलेला मी दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या रेट्याला जीप निघाली, आणि मी जिथं होतो तिथंच आडवा झालो. टेम्पो तर निघून गेलेला. मामा थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसले. सबंध वाटभर एका हातानं टोपी आणि एका हातानं दांडी धरून बसले होते. एकदाच म्हणाले, “दमनी एवढी आदळत नोती.”

तळेगावला उतरल्यावर त्यांनी बंडीतून रुपयाचं नाणं काढलं आणि जीपच्या तोंडावर ठेवलं.

“तुह्या बँकेत जुन्या वस्तूची किंमत रुपया राह्यते म्हनत होता ना? घे. झाली वसुली.”

आमच्या जोडीचा नंबर लागला नाही. मामा मात्र पाच वेळा उठून ओरडले. परतताना स्वतःहून जीपमध्ये बसले, तेही पुढंच. बैल टेम्पोतून आमच्याकडं पाहत होते.

तो रुपया माझ्याकडं आहे. १९८९ च्या त्या खात्यात तो जमा करायचा माझा विचार आहे, पण पावती कुणाच्या नावानं फाडायची हे कॉमर्समध्ये शिकवलेलं नाही.