जुन्या यंत्राचे तेल : एका अंकाच्या अर्थाचा इतिहास

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना, ही या नगराची विभागणी सर्वश्रुत आहे. नवीन जालन्यातील मोटार-दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात घटकाभर उभे राहिले असता एक भाषिक विशेष कानी पडतो. चुलीवर, दिव्यात व डोक्यास लागते ते ‘तेल’. इंजिनात पडते ते मात्र ‘ऑइल’. बैलगाडीच्या आसास लावीत ते एरंडेलाचे ‘वंगण’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी मागे राहिले. वस्तुतः ‘तेल’ हा शब्दही मूळचा तिळाचा. पुढे तो करडईस, जवसास व खनिजासही लागू झाला. नाव टिकते, पदार्थ पालटतो. शब्दांच्या बाबतीत या पालटाने फारसे बिघडत नाही. यंत्राच्या बाबतीत त्याची किंमत लोखंडास द्यावी लागते.

या टिपणास निमित्त घडले ते नवीन जालन्यातील एका स्नेह्यांच्या गाडीचे. त्यांच्या वडिलांची डॉज किंग्जवे कित्येक वर्षे पत्र्याच्या छपराखाली पडून होती. तिचे इंजिन संपूर्ण खोलून नव्याने बांधण्यात आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो गाड्या जुळणी होऊन बाहेर पडू लागल्या, त्या परंपरेतील ही गाडी. सहा सिलिंडर, झडपा बाजूस, कॅमशाफ्टवर सपाट तळाचे टॅपेट. सोबतची पुस्तिका जीर्ण असली तरी वाचण्याजोगी होती. तीत तेलाविषयी एकच आज्ञा होती : ‘एस.ए.ई. ३०’. दुकानातून ३० अंकाचे आधुनिक तेल आणले म्हणजे आज्ञापालन झाले, असे कोणासही वाटेल.

येथेच इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. एस.ए.ई. ही अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांची संस्था. तिने तेलाच्या दाटपणाची वर्गवारी प्रथम १९११ साली केली. ‘३०’ हा अंक दाटपणाखेरीज काहीही सांगत नाही. तेलात काय मिसळले आहे, याविषयी तो मौन पाळतो. त्यासाठी ए.पी.आय. या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने १९४७ साली साधे, प्रीमियम व हेवी ड्यूटी असे तीन वर्ग केले. १९५२ साली ते बदलले आणि १९७० च्या सुमारास एसए, एसबी, एससी ही आजची अक्षरमाला सुरू झाली. तीतील एसए म्हणजे पूरक द्रव्ये नसलेले तेल. १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल-इंजिनांस ते अयोग्य, असे त्या संस्थेनेच नमूद केले आहे. तेव्हा ‘जुन्या गाडीस जुन्या पद्धतीचे साधे तेल’ हा आग्रह इतिहासाच्या आधाराने टिकत नाही. कॅस्ट्रॉल हे १९०९ चे नाव ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडेलावरून पडले, म्हणजे गाडीच्या आसाचे वंगण एकदा इंजिनातही जाऊन आले. पण म्हणून कोणी किंग्जवेत एरंडेल ओतू नये. ते चिकट राळेसारखे साचते.

उलट टोकाचा आग्रहही तितकाच सदोष होय. १९४० च्या दशकात जस्त व फॉस्फरस यांचे एक संयुग तेलात येऊ लागले. घासल्या जाणाऱ्या धातूंवर ते संरक्षक थर धरते. पुढे हाच फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकास मारक ठरला, आणि पातळ श्रेणींच्या तेलात त्याची मर्यादा १९९६ मध्ये ०.१० टक्के व २००४ मध्ये ०.०८ टक्के करण्यात आली. नव्या इंजिनांत बहुधा टॅपेटच्या जागी रोलर असल्याने त्यांस बाधा नाही. सपाट टॅपेटच्या गाडीस मात्र ‘सर्वांत नवे ते सर्वांत चांगले’ हा न्याय लावता येत नाही.

स्नेह्यांच्या इंजिनाचे प्रथम काय झाले, हे सांगितले पाहिजे. इंजिन सुरू होताच ते कौतुकाने बराच वेळ मंद गतीवर चालू ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत टकटक सुरू झाली. खोलून पाहता दोन टॅपेटचे तळ झिजून खड्डे पडलेले. सर्वांनी तेलास दोष दिला. माझे मत निराळे आहे. नवा कॅमशाफ्ट बसविल्यावर पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन मिनिटास सुमारे दोन हजार फेऱ्यांवर चालवावे लागते, कारण कॅमवर तेल उडते ते फेऱ्यांच्या वेगामुळे. मंद गतीवर ते पुरेसे पोचत नाही. तेल हे येथे सहआरोपी असेल, मुख्य आरोपी नव्हे. जस्ताविषयीचा गवगवा बहुतांशी अमेरिकेतील १९६० च्या दशकातल्या दणकट आठ सिलिंडरी ‘मसल कार’ बाळगणाऱ्यांकडून आला आहे. त्या गाड्यांवरही डॉज व प्लिमथ हीच नावे आहेत. परंतु त्यांच्या झडपांच्या स्प्रिंगा फार कडक, किंग्जवेच्या पुष्कळ सौम्य. नामसाम्यावरून गुणसाम्य मानण्याची ही चूक कोशकारांस अपरिचित नाही.

दुसऱ्या खेपेस कॅम व टॅपेट नवे घातले, त्यांस मॉलिब्डेनमचा लेप दिला, पहिला अर्धा तास गती उतरू दिली नाही व ते तेल लगेच काढून टाकले. नंतर निवड झाली ती १५डब्ल्यू-४० श्रेणीच्या, सीआय-४ वर्गाच्या डिझेल-तेलाची. हा २००२ चा वर्ग; त्यात फॉस्फरसवर वरील मर्यादा नाही, आणि ट्रक व ट्रॅक्टर यांच्या या गावात ते कोठेही मिळते. मे महिन्यात येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, म्हणून पुस्तिकेतील ३० पेक्षा एक पायरी दाट तेल मी योग्य मानतो. २०डब्ल्यू-५० मात्र नव्या, घट्ट बेअरिंगांस अकारण जड होय. मिस्त्रींनी एक शंका काढली : अशा तेलातील मळ सोडविणारी द्रव्ये जुना गाळ सुटा करून तेलाच्या वाटा बुजवतील. न खोललेल्या इंजिनाविषयी ही शंका रास्त आहे. येथे गाळ धुऊन निघाला होता, आणि मिस्त्रींनी ते मान्य केले.

गाडी आता चालते. दर खेपेस काढलेले काळे ऑइल मिस्त्री डब्यात साठवितात. बदनापूरकडील एक वृद्ध शेतकरी ते वखराच्या लोखंडास चोळावयास नेतो. तो त्यास अजून वंगणच म्हणतो.