टेकडीवरचा मठ

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये एक लाकडी खुरीस (क्रूस) आहे. भाविक त्याला चमत्कारी खुरीस म्हणतात. १६१९ साली जवळच्या बोआ व्हिस्ता टेकडीवर या खुरिसावर येशूचे दर्शन घडले, अशी परंपरा सांगते. पुढे त्या टेकडीवर चर्च उभे राहिले आणि चर्चला लागून एक मठ. आज तिथे पडके अवशेष आहेत. खुरीस मात्र खाली कॅथेड्रलमध्ये सुखरूप आहे.

या मठाची गोष्ट समजायला तेव्हाची गोव्याची रीत ठाऊक हवी. गावठी मुलाला धर्मगुरू होता येई, पण फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट या मोठ्या संघांची दारे त्याला बहुतेक बंदच असत. पोर्तुगीज पाद्रीच्या हाताखाली राबणे, एवढेच त्याच्या वाट्याला. १६८२ मध्ये फादर पास्कोल द कोस्ता जेरेमियास आणि त्यांच्या सोबत्यांनी यातून आपली वाट काढली. संत फिलिप नेरी यांनी रोममध्ये घालून दिलेल्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी एकत्र राहायला सुरुवात केली. ऑरेटरीत धर्मगुरू संघाची व्रते न घेता एकत्र राहतात. टेकडीवरचा मठ याच समुदायाचा. भारतीय धर्मगुरूंनी स्वतः उभा केलेला हा समुदाय पुढे दीडशे वर्षे टिकला.

त्यालाही कुंपण होतेच. ऑरेटरीत प्रामुख्याने ब्राह्मण घराण्यांतले ख्रिस्ती होते, तर क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या चारडो समाजातल्या धर्मगुरूंनी चिंबल इथे कार्मेलाइट परंपरेचा वेगळा समुदाय काढला. बाप्तिस्मा झाला तरी जात घरातून गेली नव्हती.

१६८५ मध्ये या मठात गोव्यातल्या साकवाळचे धर्मगुरू जोसेफ वाझ आले आणि लगेच प्रमुख झाले. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावलीला झाला होता. श्रीलंकेत डच कंपनीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती आणि तिथल्या भाविकांना कोणी वाली उरला नव्हता. वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात, अनवाणी तिथे पोहोचले. तमिळ ते शिकलेच होते. १६९२ मध्ये बेटावरच्या कँडी राज्यात गेल्यावर पोर्तुगीज हेर ठरवून त्यांना कोठडीत डांबले, तर तिथे ते सिंहली शिकले. पुढे दुष्काळात त्यांनी भर चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, ही आठवण आजही सांगितली जाते. १६९७ च्या देवीच्या साथीत लोक नगर सोडून गेले. वाझ आणि त्यांचे सोबती मागे राहून रोग्यांना अन्नपाणी देत, मृतांना पुरत राहिले. राजाचे मन त्या सेवेने जिंकले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते वारले. गोव्याच्या मठातून एकेक धर्मगुरू तिकडे जातच राहिला. याकोम गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला.

मग वाझ यांचे संतपद इतकी वर्षे का अडले? जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये वारले आणि १६२२ मध्ये, सत्तर वर्षांत, संत झाले. त्यांच्या मागे जेझुइटांचा जगभर पसरलेला संघ होता आणि गोव्यात त्यांचा देह होता. वाझ यांची कबरही हरवली. त्यांच्या संतपदाचा खटला लढवणारा मठ १८३५ मध्ये, पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ मोडीत काढले तेव्हा, बंद पडला. संतपदासाठी चौकशी, साक्षी, चमत्काराचे पुरावे लागतात. ते वर्षानुवर्षे जपायला माणसे लागतात.

शेवटी गोव्यातले एक अवघड बाळंतपण चमत्कार म्हणून मान्य झाले. त्यात वाचलेले बाळ मोठेपणी धर्मगुरू झाले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत वाझ यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले. दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी माफ केली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी, कोलंबोतच, ते संत झाले.

आता दरवर्षी १६ जानेवारीला साकवाळला त्यांचे फेस्त भरते. आधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात आणि कोकणीत प्रार्थना चालतात.