तीन भरत्यांचं कुंपण

१८७२ सालच्या मे महिन्यातला बुधवार, सकाळचे साडेआठ. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं व्हिट्बी गाव. चर्च स्ट्रीटवरून तुम्ही अंग चोरून चालताय, कारण रस्ता अरुंद आणि दारादारांत कोळ्यांच्या बायका गळाच्या दोरांचा पसारा मांडून बसलेल्या. सुरीने शिंपला उघडायचा, मांस काढायचं, गळाला टोचायचं, दोर टोपलीत वेटोळं करून ठेवायचा. एका दोराला शेकडो गळ. तुमच्याकडे बघायला सवड आहे कुणाला?

पुढच्या दारातून लालभडक तोंडाचा एक माणूस बाहेर येतो. दचकू नका. जेटला चकाकी आणायला लाल भुकटी लागते, ती कारागिरांच्या अंगावर बसते. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड बनलेलं, काळंभोर लाकूड. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेले, राणी व्हिक्टोरियाने काळे दागिने घातले आणि साऱ्या देशात सुतकाची फॅशन आली. आज इथल्या हजाराहून जास्त माणसांची चूल राणीच्या वैधव्यावर पेटते. ऐकायला वाईट वाटतं, पण तसं आहे खरं.

दुकानात वेटोळ्यांचे दगड मांडलेत, काहींना सापाचं तोंडही कोरलंय. ६५७ मध्ये इथे मठ उभारणाऱ्या सेंट हिल्डाने सापांचे दगड केले, अशी गावची आख्यायिका. तुम्ही एक हातात घ्या, ओळखीचा वाटेल. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच कुळातल्या समुद्री जीवाचा.

चला, नऊ वाजत आले. उद्या येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. एस्क नदीच्या खाडीत ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात माणसं मेखा ठोकतायत, त्यांच्यामधून लवचीक फांद्या विणतायत. जेमतेम काही हात लांबीचं कुंपण. त्याने शेळीसुद्धा अडणार नाही. काम झालं की शिंग फुंकतात आणि त्यामागोमाग धिक्काराची आरोळी उठते.

गोष्ट ११५९ ची सांगतात. तीन सरदार रानडुकराच्या मागे लागले. जनावर एका बैराग्याच्या देवळात शिरलं, त्याने दार लावलं, सरदारांनी त्यालाच झोडपलं. मरताना त्याने माफ केलं, पण अट घातली: तुम्ही आणि तुमच्या वारसांनी दरवर्षी एक पेनीच्या सुरीने फांद्या तोडून इथे कुंपण रोवायचं. ते तीन भरत्या टिकलं नाही, तर जमिनी मठाच्या. मला यात मठाच्या कुळांकडून कुंपणाची वेठ करून घेण्याची जुनी पद्धत जास्त दिसते. बैरागी मागाहून आला असावा. नाहीतरी वेठीला पुण्याची झालर लावली की ती पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मान वर करा. १९९ पायऱ्यांच्या माथ्यावर, चर्चच्या मागे मठाचे भग्न खांब दिसतील. आठव्या हेन्रीने तो १५३९ मध्ये बंद केला. देणं वसूल करणारा मठाधिपती उरला नाही, हप्ता मात्र चालू!

अटीत एक पळवाटही आहे. त्या दिवशी ठरल्या वेळी ऐन भरती असेल, तर देणं कायमचं फिटलं. तो योग पुढे थेट १९८१ मध्ये आला. पाणी इतकं चढलं की कुंपण रोवताच आलं नाही. पुढच्या वर्षी मंडळी मेखा घेऊन पुन्हा चिखलात हजर.